दोन टिंबांची गोष्ट

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिच्यासोबत एक यादी येते. काय नवं आलं, काय दुरुस्त झालं, काय काढून टाकलं. मी ती तळापासून वाचतो. नव्याचं कौतुक सांगायला माणसं असतातच. काढून टाकलेल्याची नोंद मात्र खाली, एका ओळीत उरकलेली असते. आणि खरी छाती तिथेच लागलेली असते. उद्यापासून अमुक एक गोष्ट चालणार नाही, तिच्यावर ज्यांचं काम उभं असेल त्यांनी आपलं बघून घ्यावं, असं कुणीतरी ठरवलेलं असतं.

अशा याद्यांपैकी मला सर्वांत रमवणारी यादी 'जे' या संगणकाच्या भाषेची. तिच्या ६.०१ या आवृत्तीत, म्हणजे २००६ साली, एक बदल झाला. फंक्शनला, म्हणजे दिलेल्या आकड्यांवर काम करून उत्तर देणाऱ्या तुकड्याला, डावीकडून जे मिळतं त्याला एक्स आणि पुढे टिंब, उजवीकडून मिळतं त्याला वाय आणि पुढे टिंब, असं लिहायची तोवरची पद्धत होती. ६.०१ पासून टिंबं गेली. नुसता एक्स, नुसता वाय. (आणखी चार नावांचीही गेली, पण रोजच्या वापरातली ही दोन.) बाहेरच्याला वाटेल, यात काय एवढं? पण ती टिंबं उगाच नव्हती. 'जे'मध्ये चिन्हापुढे टिंब किंवा विसर्ग दिला की ते वेगळं चिन्ह होतं आणि भाषेच्या मालकीचं राहतं. टिंब गेल्यावर एक्स आणि वाय ही साधी नावंही भाषेनं आपल्याकडे घेतली. ज्यांनी आलेखावरच्या बिंदूंना वर्षानुवर्षं तीच नावं दिली होती, त्यांना आपल्या फाइली चाळत बसावं लागलं. जुनी पद्धत काही काळ चालू ठेवायची सोय होती. कायमची नव्हती.

हे प्रकरण मला का भिडतं हे सांगायचं तर आधी भाषेची ओळख करून द्यायला हवी, आणि बडोदेकरानं ती आजव्याच्या पाण्यावरून करून द्यावी हे ओघानंच आलं. पावसाळ्यात इथल्या घराघरांत आजवा सरोवराची पातळी तोंडपाठ असते. विश्वामित्री कधी अंगणात येईल याचा अंदाज त्यावर बांधतात. समजा, रोजच्या पातळीचे आकडे एका ओळीत मांडलेत आणि सात-सात दिवसांची सरासरी काढत पुढे सरकायचं आहे. नेहमीच्या भाषांत सगळं पायरीपायरीनं सांगावं लागतं: पहिल्यापासून सुरू कर, सात घे, बेरीज कर, साताने भाग, एक घर पुढे सरक, शेवट आला का बघ. 'जे'मध्ये एवढंच:

७ (+/ % #)\ पातळी

+/ म्हणजे बेरीज. # म्हणजे एकूण किती. मधला % हा भागाकार. उलटा तिरपा दंड सांगतो की सात-सातचा गट धरून सरकत जा. 'एकेक आकडा उचल' असं कुठेही म्हटलेलं नाही, कारण आकड्यांची अख्खी ओळ हीच इथे एक वस्तू आहे. (खऱ्या 'जे'ला मराठी नाव आणि मराठी सात चालणार नाही. वाचणाऱ्यासाठी घेतलेली ही सूट.) कंसातली तीन चिन्हं शेजारी ठेवली की कडेच्या दोघांची उत्तरं मधल्याच्या हाती जातात, या नियमाला फोर्क म्हणतात. सरासरी कशाची, ते कंसात येतच नाही. मी कारखान्यातल्या मोजमापांच्या आकड्यांत आयुष्य घालवलं, सरासऱ्या खंडीभर काढल्या, पण सरासरी ही गोष्ट तिच्या आकड्यांपासून सुटी करून अशी समोर ठेवलेली त्याआधी पाहिली नव्हती.

या भाषेचं मूळ केनेथ आयव्हर्सन यांच्याकडे जातं. जन्म १९२० चा, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातला. हार्वर्डला शिकवत असताना १९५७ च्या सुमारास त्यांना गणिताची रूढ लेखनपद्धत यंत्राची कामं मांडायला अपुरी वाटू लागली आणि त्यांनी स्वतःची बांधायला घेतली. ती कुठल्याच यंत्रावर चालत नव्हती. एका माणसानं दुसऱ्याला नेमकं सांगण्यासाठी होती. १९६० मध्ये ते आयबीएममध्ये गेले, १९६२ मध्ये त्या लेखनपद्धतीचं पुस्तक निघालं. अपूर्णांकाच्या खालचा आणि वरचा पूर्णांक दाखवायला आज जगभर ⌊ ⌋ आणि ⌈ ⌉ ही चिन्हं वापरतात, ती तिथली. १९६४ मध्ये आयबीएमच्या सिस्टीम/३६० या यंत्राचं औपचारिक वर्णन याच पद्धतीत छापून आलं. यंत्रानं भाषा चालवायच्या आधी भाषेनं यंत्र लिहून काढलं होतं!

मग ती चालवायचा घाट घातला गेला. भाषेचं नाव एपीएल. एपीएलच्या सर्वांत जुन्या साठवलेल्या पानावर २७ नोव्हेंबर १९६६ ही तारीख आहे, आणि गंमत म्हणजे ते पान कोरं आहे: काहीही न लिहिलेली, साफ केलेली कामाची जागा. पुढे कित्येक वर्षं लोक ती उघडत राहिले. भाषेचा वाढदिवस त्या तारखेला मानतात.

तेव्हा पडदा नव्हता. टर्मिनल म्हणजे विजेचा टाइपरायटर, आणि त्यात अक्षरं कोरलेला एक गोळा, गोल्फच्या चेंडूएवढा. गोळा बदलला की लिपी बदलली. एपीएलसाठी खास गोळा केला गेला, पण त्यावर जागा ८८ अक्षरांचीच. चिन्हं त्याहून जास्त हवी होती. तोड अशी काढली की एक अक्षर उमटवायचं, एक घर मागे यायचं आणि त्याच्याच डोक्यावर दुसरं उमटवायचं. वर्तुळावर उभी रेघ मारली की ⌽, म्हणजे ओळ उलटी कर. चौकोनात भागाकाराचं चिन्ह घातलं की ⌹, म्हणजे सारणीचा व्यस्त काढ. एपीएलची चिन्हं कुणा चित्रकारानं फुरसतीत काढलेली वाटतात, पण त्यातली बरीचशी ८८ च्या अडचणीतून निघालेली आहेत. टीकाकारांना ती कधीच पचली नाहीत. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९७५ मध्ये एपीएलला 'परिपूर्णतेला नेलेली चूक' म्हटलं. टोला जबरा आहे. पण मला वाटतं, परिपूर्णतेला नेली म्हणून तर ती साठ वर्षांनी बोलण्याजोगी राहिली.

आयव्हर्सन यांना १९७९ मध्ये ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वांत मोठा मान, मिळाला. त्यांचं त्या वेळचं व्याख्यान लेखनपद्धत हे विचाराचं हत्यार कसं असतं, यावर होतं. पुढच्याच वर्षी, साठीला टेकलेले असताना, ते आयबीएम सोडून टोरंटोच्या आय. पी. शार्प असोसिएट्स या कंपनीत गेले. भाषेच्या घरात तेव्हा वाटण्या सुरू झाल्या होत्या. प्रश्न असा: आकड्यांच्या ओळीत एखाद्या जागी दुसरी अख्खी ओळच ठेवायची असेल तर? एका पक्षानं म्हटलं, ओळीत ओळ सरळ ठेवता यावी, आणि एकट्या आकड्याला वेढून ठेवलं तरी तो आकडाच राहावा. दुसरा पक्ष म्हणाला, तिला पेटीत घाला. पेटीतला पाच आणि बाहेरचा पाच या दोन वेगळ्या वस्तू. पहिली वाट आयबीएमच्या १९८४ च्या एपीएल-२ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९८३ मध्ये निघालेल्या डायलॉग एपीएलमध्ये गेली. दुसरी शार्पकडे, आणि तिथून 'जे'मध्ये. बाहेरच्याला हा निव्वळ काथ्याकूट वाटेल, पण चाळीस वर्षांनंतरही दोन्ही घरांची चूल वेगळी आहे ती मुख्यतः या पाचापायी.

आता १९८९ चा उन्हाळा. आयव्हर्सन शार्पमधून निवृत्त झालेले. आर्थर व्हिटनी हे एपीएलच्याच वर्तुळातले प्रोग्रॅमर त्यांच्याकडे मुक्कामाला आले आणि एका दुपारी सी भाषेत एक पानभर मजकूर लिहून गेले: नव्या भाषेच्या इंटरप्रिटरचा, म्हणजे त्या भाषेतली ओळ वाचून यंत्राकडून करवून घेणाऱ्या आज्ञावलीचा, तुकडा. ते पान वाचायला भयंकर आहे. ओळी कोंबून भरलेल्या, नावं एकेका अक्षराची. आयव्हर्सन यांचे सहकारी रॉजर हुई यांनी ते घोटलं, आणि २७ ऑगस्ट १९८९ रोजी दुपारी चारच्या सुमारास 'जे'ची पहिली ओळ लिहिली. मी पंचांग काढून पाहिलं: तो रविवार होता, आणि १९६६ चा तो २७ नोव्हेंबरही रविवारच. या घराण्याला दुपारी झोपायची सवय दिसत नाही. आमच्या दांडिया बाजारात रविवारी चार वाजता चहासुद्धा झालेला नसतो.

१९९० मध्ये 'जे' जगापुढे आली, आणि तिच्यात एपीएलचं एकही खास चिन्ह नव्हतं. ज्या चिन्हांसाठी नाव झालं, पुरस्कार मिळाला, ती एकोणसत्तराव्या वर्षी आयव्हर्सननी खाली ठेवली आणि साध्या कीबोर्डवरची अक्षरं घेतली. + आहे, मग +. आणि +: अशी त्याची भावंडं. ÷ गेलं, % आलं. मोजायला शून्यापासून सुरुवात करायची की एकापासून, हे एपीएलमध्ये ज्याचं त्यानं ठरवायचं असे. 'जे'नं ती मुभाही काढली. शून्य म्हणजे शून्य. मी याहून मोठी 'काढून टाकलं'ची यादी पाहिलेली नाही. एरवी पंचविशीतल्या पोरांना जुनं मोडायची घाई असते आणि साठीनंतर माणूस आपलं केलेलं राखत बसतो. इथे उलटं झालं.

कारण व्यवहारी होतं. एपीएलच्या चिन्हांना खास कीबोर्ड लागे, खास छपाई लागे; विद्यार्थ्याच्या घरच्या यंत्रावर ती दिसतच नसत. मराठीत लिहिणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. युनिकोड येण्याआधी आपण दुसऱ्याला फाइल पाठवायचो आणि तिकडे फॉन्ट नसला की 'श्री' लिहिलेल्या जागी कंस, टक्का आणि डॉलर उमटायचे. आयव्हर्सननी या कटकटीतून १९९० मध्ये मान सोडवून घेतली, आणि युनिकोडची पहिली आवृत्ती आली १९९१ मध्ये! पुढे एपीएलची चिन्हंही त्यात रीतसर बसली, आणि २००८ मध्ये डायलॉगनं युनिकोड घेतल्यावर ती कुठल्याही पडद्यावर दिसू लागली. थोडं थांबले असते तर? मी या प्रश्नावर बरंच डोकं घातलं आहे, आणि माझं मत असं झालंय की बरं झालं थांबले नाहीत. चिन्हं टाकायची म्हणून सगळं पुन्हा लिहावं लागलं, आणि पुन्हा लिहिताना आतले विचार घासले गेले. फोर्क 'जे'च्या थोडा आधी सुचला खरा, पण भाषेचा कणा तो 'जे'मध्येच झाला.

या बाबतीत मला आमच्या मोडीची आठवण येते. गायकवाडी कारभाराची दफ्तरं मोडीत आहेत. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत खरेदीखतं, हिशेब, पत्रं मोडीत आहेत आणि घरातल्या कुणालाही ती वाचता येत नाहीत. मोडी मुळात हातासाठी होती. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचीही फिकीर नाही. छापखान्यात मात्र बाळबोध बसली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतूनही गेली. यंत्राला सोसेना म्हणून लेखनपद्धत बदलली, अगदी 'जे'सारखंच. फरक असा की 'जे'च्या वेळी मोडणारा माणूस हयात होता, बदल सही करून करत होता, आणि जुनी एपीएल शेजारच्या घरात धडधाकट नांदत होती. मोडी नुसती वापरातून गेली, आणि मागच्या कागदांची सोय कुणी लावली नाही. आमच्या घरचं एक खरेदीखत मोडी वाचणाऱ्या गृहस्थांकडून वाचून घेतलं तेव्हा कळलं की ज्याला आम्ही परसातला गोठा म्हणत आलो ती जागा कागदावर आमची नव्हतीच. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये.

राखणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती हलकी नाही. डायलॉगवाले जुन्या आवृत्तीतलं काम नव्या आवृत्तीत उघडलंच पाहिजे याबद्दल हट्टी आहेत. एखाद्या चिन्हाचा अर्थ दोन बोलींत वेगळा पडला तर त्यांनी दोन्ही ठेवले आणि ⎕ML नावाचा एक आकडा दिला. तो बदलला की काही चिन्हांचा अर्थ बदलतो. हे मला मनापासून आवडत नाही. एखाद्याची ओळ वाचताना आधी विचारावं लागतं की बाबा, तुझा आकडा किती? मोजायला शून्यापासून की एकापासून, हेही तिथे अजून ज्याचं त्यानं ठरवायचं. पण विमा आणि पैशाचे हिशेब ज्यांच्या भाषेत चाललेत, त्यांना 'स्वच्छतेसाठी मोडलं' असं सांगून भागत नाही.

दुसऱ्या टोकाला व्हिटनी. त्यांनी १९९३ मध्ये के भाषा आणि तिची कंपनी काढली, बँकांच्या बाजारभावाच्या आकड्यांसाठी ती नावाजली, आणि ते मात्र दर खेपेला भाषा जवळपास नव्यानं लिहीत आले. मागच्या आवृत्तीचं काय? ती मागे राहिली. एक पान, एक दुपार, तीच रीत.

हे सगळं कुठल्यातरी कोपऱ्यातल्या चार विद्वानांचं भांडण आहे असं कुणाला वाटत असेल तर माझ्या भाचीला विचारा. ती इथल्याच विद्यापीठात अभियांत्रिकी शिकते. २०२४ च्या पावसाळ्यात, ऑगस्टअखेरच्या पुराच्या थोडं आधी, तिचा आजव्याच्या पातळीवरचा प्रकल्प अचानक बंद पडला. "मामा, काल चालत होतं ने!" असं म्हणत ती लॅपटॉप घेऊन आली. तिची आज्ञावली पायथन या भाषेत, आणि आकड्यांसाठी त्या भाषेला जोडायचा नंपाय हा तयार संच. नंपाय हे याच घराण्याचं लांबचं नातलग: तिथे बेरजेच्या फंक्शनला 'रिड्यूस' जोडलं की एपीएलचं +/ तयार होतं. १९९५ च्या न्युमेरिकपासून त्याची वंशावळ सुरू होते, १.० आलं २००६ मध्ये, आणि २.० थेट जून २०२४ मध्ये. भाचीच्या लॅपटॉपवर तेच येऊन बसलं होतं. अनंतासाठी एकाहून जास्त नावं होती, त्यांत एक मोठ्या 'आय'नं सुरू होणारं, एक सगळं लहान लिपीतलं. मोठं गेलं. गुणाकाराच्या 'प्रॉडक्ट'चंही तेच. 'प्रॉड' तेवढं उरलं. शिवाय एकटा आकडा दाखवताना आता त्याच्या अवतीभोवती त्याच्या प्रकाराचं नाव छापून येऊ लागलं. ती उत्तराचा छापील मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहत होती, त्यामुळे उत्तरं बरोबर असूनही सगळ्या चाचण्या लाल.

"दोन्ही नावं ठेवली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?"

"अठरा वर्षं ठेवलीच होती की."

"मग अजून अठरा ठेवायची!"

याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि खरं तर तिची बाजू वापरणाऱ्याची बाजू आहे. यादी लिहिणाऱ्यांनी ती रोज ऐकावी. पण संध्याकाळी तिच्या फाइली सुधारत बसलो तेव्हा दिसलं की तिनं स्वतःच एका ठिकाणी मोठा 'आय' आणि दुसरीकडे लहान वापरला होता, आणि तिसऱ्या ठिकाणी मैत्रिणीकडून उचललेल्या तुकड्यात आणखी तिसरंच काहीतरी. एकाच गोष्टीला तीन नावं असली की वाचणारा थबकतो, यांच्यात काही फरक असेल म्हणून शोधत बसतो. तो शोध दर वाचणाऱ्याच्या वाट्याला, दर वेळी. मोडण्याचा त्रास एकदाचा असतो; न मोडण्याचा हप्त्याहप्त्यानं, आणि तो कुठल्या यादीत लिहिलेला नसतो म्हणून दिसत नाही. मी टिंबं काढणाऱ्यांच्या बाजूचा आहे तो याचसाठी. अट एवढीच की मोडलं ते उघड सांगावं आणि पलीकडे जायला काही दिवस पूल ठेवावा. ६.०१ नं दोन्ही केलं.

तो बदल आयव्हर्सन यांनी पाहिला नाही. ते ऑक्टोबर २००४ मध्ये गेले. शेवटच्या आठवड्यातही 'जे'चा एक धडा लिहीत होते. त्यांच्या मागे भाषा हुई आणि आयव्हर्सनपुत्र एरिक यांनी सांभाळली, २०११ मध्ये तिचा मूळ मजकूर सगळ्यांसाठी खुला झाला. नंतरच्या याद्यांत एक लोभस गोष्ट दिसते: काढून टाकलेलं कधी कधी परत येतं. चिन्हांच्या काही रचना मधल्या आवृत्त्यांतून गेल्या होत्या, त्या नवव्या मालिकेत परत आल्या. त्याच मालिकेत दुहेरी महिरपी कंसात फंक्शन लिहायची सोय आली, आणि ती पाहताच डायलॉगच्या जॉन स्कोल्स यांनी नव्वदच्या दशकात आणलेली एकेरी महिरपी कंसांची पद्धत आठवल्यावाचून राहत नाही. उलट दिशेनंही मालाची ये-जा झाली. हुई पुढे डायलॉगमध्ये काम करू लागले, आणि २०१४ च्या १४.० आवृत्तीच्या यादीत 'जे'मधल्या ओळखीच्या वस्तू एकामागून एक दिसतात, त्यांत फोर्कही. हुई २०२१ मध्ये गेले.

म्हणजे आता डायलॉगमध्ये (+/÷≢) असं लिहिता येतं. आयव्हर्सननी टाकलेलं भागाकाराचं चिन्ह आणि टाकल्यानंतर त्यांनी मोठी केलेली कल्पना, दोन्ही एकाच कंसात. भाचीच्या आकड्यांवर मी ते चालवून पाहिलं. सरासरी 'जे'च्या उत्तराशी शेवटच्या दशांशापर्यंत जुळली. वेळ सगळा गेला तो कीबोर्डवर ÷ शोधण्यात.